उंबऱ्याखालचा माणूस

"छातीकडं बघायचं," दाजी म्हणाले. "तोंडाकडं नाही. तोंडाकडं बघितलंस की तुला हसू येतं."

"तुमचं तोंडच तसलं आहे. मी काय करू?"

"ऐकलंस का गं पद्मजा? कड्याच्या टोकाला उभं राहून जीभ बघ मेव्हण्यांची."

आक्का ऐनाच्या झाडाखाली दगडावर बसून शेंगा फोडत होती. घोट्याला क्रेप बँडेज होतं. वर्षानुवर्षं सह्याद्रीतल्या नाळा सायकलवरून उतरणारी माझी बहीण आठवड्यापूर्वी घराच्या जिन्यावरून घसरली होती, तीही हातात कपड्यांची बादली असताना, आणि दाजी नि मी तिला त्यावरून सुखानं जगू देत नव्हतो.

"जयदीप, तू खाली जा आधी," ती नवऱ्याला म्हणाली. "ऊन वर आलं की कातळ चमकतो. मग त्याला काही दिसायचं नाही."

"त्याला दिसायचंय काय? मीच तर दिसायचोय."

"तेवढंही दिसणार नाही."

दाजींनी टोपी उलटी करून घातली आणि कातळाला वळसा घालणाऱ्या पायवाटेनं ते खाली गेले. त्यांच्या बुटांखालून खडी घरंगळत गेल्याचा आवाज येत राहिला. मग थांबला.

"संग्या, शेंग खातोस?" आक्कानं विचारलं.

"आत्ता?"

"खा. तोंडात काहीतरी असलं की माणूस दात आवळत नाही."

मी खाल्ली.

*

सावळनाळ ही कड्यांमधल्या घळीतून कोकणात उतरणारी जुनी वाट. कधीकाळी तिथून मिठाची ओझी घेऊन बैल वर यायचे. वर मोरवण्याचा सडा, म्हणजे कातळाचं पठार, खाली कुसरोंडी गाव. घाटरस्ता झाल्यापासून ही वाट कोणी वापरत नव्हतं, म्हणून आम्ही वापरत होतो. लोक विचारायचे, जिथं चालत उतरताना पाय लटपटतात तिथं सायकल कशाला? सायकलवर पाय लटपटत नाहीत. हे खरं आहे, पण ऐकणाऱ्याला कधीच पटत नाही.

नाळेच्या तोंडापासून जवळच उंबरा लागतो. उंबरा म्हणजे माणसाच्या खांद्याइतकी उंच, कातळाची सरळ पायरी. सीटवरून बघितलं तर समोर कातळ संपतो आणि एकदम दरीतल्या झाडांचे शेंडे दिसतात. मधलं गायब. त्या गायब भागात मातीची अरुंद पट्टी आहे. पट्टीच्या डावीकडे बसलेल्या म्हशीएवढा धोंडा, उजवीकडे खोल ओघळ. पट्टीवर चाक पडलं तर पुढे सगळं सोपं.

सायकलचं शास्त्र एवढंच आहे की डोळे जातात तिकडे चाक जातं. धोंड्याला घाबरून धोंड्याकडे बघितलंत की तुम्ही धोंड्यावर. म्हणून आमच्या क्लबात खुंटाची पद्धत होती. एकानं चालत खाली जायचं आणि पट्टीच्या पलीकडच्या टोकाला बरोबर मध्यावर उभं राहायचं, शेताच्या हद्दीला खुंट असतो तसं. वरून त्याचं छातीपासूनचं अंग तेवढं दिसतं. तुम्ही त्याच्या छातीवर नजर ठेवून, त्याला धडकायचंच आहे अशा बेतानं सुटायचं. चाक कातळावरून सुटून हवेत आलं की तो बाजूला उडी मारतो. त्याच्या आधी नाही. तो आधी हलला तर तुमचे डोळे त्याच्यामागे जातात आणि डोळ्यांमागे चाक.

यातून दोन गोष्टी ठरल्या होत्या, कुठं लिहिलेल्या नव्हत्या. उंबऱ्यावर जो ब्रेक मारतो त्याला क्लब शर्यतीला पाठवत नाही, कारण ब्रेक मारणारा हँडलवरून पुढे तोंडावर जातो आणि त्याच्या मागचे सगळे त्याच्यावर. आणि जो खुंट आधी हलतो त्याला पुन्हा कोणी कधी उभं करत नाही. ब्रेक मारणाऱ्याला पुढचं वर्ष असायचं. खुंटाला नसायचं.

एरवी माझा खुंट आक्काच. मी शाळेत असल्यापासून. ती उभी असली की मी विचारच करायचो नाही. ती किती वेळ उभी राहते, कधी उडी मारते, मला सांगता आलं नसतं. मी तिच्या छातीकडे बघायचो आणि जायचो.

त्या दिवशी तिचा पाय असा, म्हणून दाजी.

त्या दिवसाला महत्त्व होतं. हिमाचलमधल्या उताराच्या शर्यतीसाठी क्लब एकालाच पाठवणार होता. इनामदार सर, म्हणजे आमच्या क्लबाचे सर्वेसर्वा, मला म्हणाले होते, "सावळनाळ स्वच्छ उतर. जयदीप बघेल आणि मला कळवेल. बाकीचं माझ्यावर सोड." मी तेव्हा वडिलांच्या बॅटरीच्या दुकानात बसायचो. दोनदा नापास झालेला, इन्व्हर्टरच्या तारा जोडणारा. हात काळे, ॲसिडनं शर्टांना भोकं. मला दुसरं काही येत नव्हतं आणि हे एक येत होतं.

*

"आलो," मी ओरडलो.

"ये," खालून दाजी.

आक्कानं शेंगा फोडायच्या थांबवल्या. तेवढी शांतता झाली.

मी ब्रेक सोडले. सायकल आपली आपण निघाली. कातळाच्या आधी ओलसर चिकणमातीचा एक तुकडा होता, परवाच्या पावसाचा. त्यातून चाकं मऊ गेली. गुडघे सैल, कोपरं बाहेर, बूड सीटच्या मागे. दाजींची पिवळी जर्सी आणि तिच्या मधोमध गळ्यापर्यंत ओढलेली पांढरी चेन. मी चेनकडे बघितलं. पुढचं चाक कातळावर आलं, चेन मोठी झाली, आणि



आणि पुढे काही नाही. मी पुष्कळ वेळा शोधलं. तिथं अंधारसुद्धा नाही. अंधार असता तर काहीतरी असतं.

*

ऐनाची पानं. आक्काचं तोंड, उलटं.

"नाव सांग."

"आक्का."

"माझं नको. तुझं."

"संग्राम."

"आज वार कुठला?"

"मी उतरलो?"

तिनं माझ्या हेल्मेटचा पट्टा सोडवला. माझ्या डाव्या खांद्यातून काहीतरी बाहेर यायला बघत होतं. दाजी माझ्या पायांशी उकिडवे बसले होते. टोपी हातात होती.

"दाजी, मी उतरलो का?"

"ब्रेक मारलास तू," ते म्हणाले. मातीकडे बघत म्हणाले. मला तेव्हा वाटलं, माझ्यासाठी त्यांना लाज वाटतेय.

*

पुढचं चाक कातळावर आलं, चेन मोठी झाली, आणि मी ब्रेक मारला.

कराडच्या हॉस्पिटलात पडल्या पडल्या मी हे वाक्य जुळवून बघायचो. जुळायचं. पण हात लावला की हलायचं, दुसऱ्याच्या सायकलचा भाग आपल्या सायकलला लावावा तसं. डॉक्टर म्हणाले, गळ्याखालचं हाड जुळेल, तेवढे सेकंद मात्र परत येणार नाहीत, डोक्याला मार लागला की असं होतं. ते विसरा.

आक्का रोज डबा घेऊन यायची. लंगडत.

"आक्का, मी खरंच ब्रेक मारला?"

"खा आधी."

"तू बघितलंस?"

"मागून बघितलं. तुझी बोटं दिसली."

"दोन्ही?"

"दोन्ही."

"मी कधीच मारला नव्हता गं. तुझ्या वेळेला एकदा तरी मारला का?"

"नाही." तिनं भाकरीचा तुकडा मोडून आमटीत बुडवला आणि माझ्या तोंडाशी धरला. "कधीतरी होतं. माणूसच आहेस."

"दाजी काय करत होते तेव्हा?"

"ते मला कुठनं दिसणार? ऐनाखालनं उंबऱ्यापर्यंतच दिसतं. खालचं काही दिसत नाही. तोंड उघड."

मी उघडलं.

इनामदार सरांना मीच फोन केला. दाजींनी आधी कळवलं होतंच, पण मला वाटलं, आपण आपल्या तोंडानं सांगावं.

"सर, मी ब्रेक मारला."

"जयदीप बोलला. वाईट वाटून घेऊ नकोस. पुढच्या वर्षी बघू." मग थोडं थांबून, "स्वतःहून सांगितलंस हे बरं केलंस. सगळे नाही सांगत."

मला त्या वाक्यानं दोन दिवस बरं वाटलं. आता ते आठवलं की उठून पाणी प्यावं लागतं.

हिमाचलला दुसरा गेला.

दाजी त्या दिवसांत माझ्याशी फार चांगले वागले. नवं हेल्मेट आणलं. त्यांनी नुकतीच नोकरी सोडून मुंबई-पुण्याच्या हौशी लोकांना सायकलवरून घाट उतरवून आणायचं काम सुरू केलं होतं. त्या गडबडीतूनही ते यायचे, माझ्या बाबांशी बॅटऱ्यांवर बोलत बसायचे, ज्यात त्यांना काडीचा रस नव्हता. एकदा मी म्हटलं, "दाजी, मी तोंडावर पडलो म्हणून बरं. तुमच्या अंगावर आलो असतो तर आक्कानं मला घरात घेतलं नसतं."

ते हसले नाहीत. "जाऊ दे," म्हणाले. "विसर आता."

*

सावळनाळेत परत जायचं माझंच ठरलं. थंडी पडली होती, खांद्याचा पट्टा निघाला होता. दाजी एक टोळकं घेऊन भोरकडे गेले होते. मी आक्काला म्हटलं, चल.

"कशाला?"

"बघायचंय."

"काय बघायचंय तिथं? दगड आहेत."

"मला आठवत नाही ना गं. जागा बघितली की आठवेल."

"नसेल आठवत तर देवानं भलं केलंय असं समज."

पण ती आली. तिचा पाय बरा झाला होता. गाडी तीच चालवत होती. नेहमी ती गाडीत अखंड बोलते, समोरच्या प्रत्येक ड्रायव्हरचा उद्धार करत. त्या दिवशी एक ट्रक आमच्या अंगावर आला तरी ती काही बोलली नाही.

सड्यावरचं गवत पिवळं पडलेलं. कारवी वाळलेली. मी सायकल हातात धरून नाळेच्या तोंडापासून खाली गेलो. आक्का मागे.

कातळाच्या आधीचा तो ओलसर तुकडा आता विटेसारखा कडक झाला होता. त्यात माझ्या चाकाचा ठसा होता. तिकडे गुरं येत नाहीत, त्यानंतर पाऊस झाला नव्हता, आमच्यातलंही कोणी आलं नव्हतं. मी खाली बसलो.

सायकलच्या टायरला जाड दाते असतात. चाक फिरत गेलं तर मातीत दात्यांची नक्षी उठते, एकेक दाता वेगळा. ब्रेक लागला की चाक फिरायचं थांबतं आणि फरफटतं, नक्षी पुसली जाते, नुसता पट्टा उरतो. हे पहिल्या दिवशी शिकवतात. मला आक्कानं शिकवलं होतं, कृष्णेच्या वाळूत.

इथं एकेक दाता वेगळा होता. पार कातळाच्या कडेपर्यंत. पुढचं चाक कातळावर गेलं तरी मागचं अजून या मातीतच असतं. मी बोट फिरवलं. कडा धारदार होत्या.

मी काही बोललो नाही. सायकल आडवी ठेवली, हेल्मेट हातात घेऊन वळशाच्या वाटेनं खाली गेलो. दाजी उभे होते त्या ठिकाणी हेल्मेट ठेवलं, आणि उलटा फिरून उंबऱ्याकडे आलो. डावीकडच्या धोंड्यावर, साधारण गुडघ्याच्या उंचीवर, निळा रंग घासून लागलेला होता. माझ्या सायकलचा.

ब्रेक मारणारा पुढे तोंडावर जातो. मी पुढे गेलो नव्हतो. मी डावीकडे गेलो होतो.

पुढचं चाक कातळावर आलं, चेन मोठी झाली, आणि चेन डावीकडे गेली.

आता ते जुळलं. हललं नाही.

खरं सांगतो, पहिल्यांदा मला आनंद झाला. राग नंतर. मी वर तोंड करून ओरडलो, "आक्का, मी ब्रेक नव्हता मारला."

वरून उत्तर आलं नाही.

मला वाटलं, तिला धक्का बसला. आपला नवरा खोटं बोलला, हे तिला आत्ता कळतंय. चढताना मी तिच्यासाठी वाक्यं तयार करत होतो. तिला तरी कुठं नीट दिसलं असेल. बोटं ब्रेकवर असतातच, लांबून दाबल्यासारखी वाटू शकतात. नवऱ्यानं सांगितलं म्हणून तिनंही तसंच बघितलं असेल. आपण हळू सांगू. दाजींशी भांडण आपलं, तिचं नाही. सरांना सांगतानाही तिचं नाव येऊ द्यायचं नाही. चढताना हे सगळं मी ठरवलं.

वर आलो तेव्हा ती सायकलपाशी उभी होती, माझ्याकडे पाठ करून. मला दम लागला होता, खांदा ठणकत होता. मी ऐनाखाली गेलो आणि दगडावर टेकलो.

बुडाखाली काहीतरी कुरकुरलं. शेंगांची टरफलं.

मी मान वर केली.

समोर उंबरा होता. आणि उंबऱ्याच्या कडेवरून पलीकडे, वाट जिथं थोडी वळते तिथून, पट्टी दिसत होती. अख्खी. तिच्या टोकाला मी ठेवलेलं हेल्मेट दिसत होतं. हेल्मेटचा हनुवटीखालचा पट्टा दिसत होता. त्या पट्ट्याचं लाल बक्कल दिसत होतं.

*

"इथंच बसली होतीस ना?"

"ऊठ तिथनं," ती म्हणाली.

"दिसतं इथनं."

"संग्या, ऊठ."

"तुला सगळं दिसलं."

ती वळली. रडत वगैरे नव्हती. हिशेबात पक्की असलेली माणसं दिसतात तशी दिसत होती.

"एक पाऊल," ती म्हणाली. "एकच पाऊल हलला तो. मुद्दाम नाही. तुला माहीत नाही तू कसा येतोस. समोरच्याला वाटतं, हा थांबणारच नाही. मी इतकी वर्षं उभी राहिले, मला विचार काय वाटतं ते. तो घाबरला."

"घाबरले तर घाबरले. मग सांगायचं."

"कुणाला?"

"सरांना."

"आणि मग? दुसऱ्या दिवसापासून त्याच्यामागं कोण उतरलं असतं? माणसं त्याच्या भरवशावर कडा उतरतात. तेवढंच आहे त्याच्याकडं. नोकरी सोडून बसलाय. तुला पुढचं वर्ष होतं. त्याला नव्हतं."

"मग मला सांगायचंस. सर राहू देत. मला."

"तू गप्प बसला असतास?"

मी विचार केला. खरंच केला. "तुझ्यासाठी बसलो असतो."

"आज म्हणतोयस."

"तू विचारलंस कधी?"

खाली दरीत कुठंतरी कोणी लाकूड तोडत होतं. घाव दिसत नव्हता, नुसता आवाज येत होता.

"दाजी रोज माझ्या उशाशी येऊन बसत होते," मी म्हटलं. "एवढं खोटं पचवून. मला वाटलं नव्हतं त्यांना जमेल."

"त्याला नाही जमलं," आक्का म्हणाली.

"म्हणजे?"

"त्याला काही सुचतच नव्हतं. तू पडलेला, डोळे मिटलेले, आणि तो माझ्याकडं वर बघत उभा. 'मी हललो, पद्मजा,' एवढंच परत परत. तू जिवंत आहेस का हे बघायचंही त्याला सुचेना." तिनं सायकलचं हँडल सरळ केलं, ते सरळच होतं. "मी त्याला म्हटलं, तू हलला नाहीस. त्यानं ब्रेक मारला."

"तू म्हणालीस."

"हो."

"कुठनं म्हणालीस?"

"कुठनं म्हणजे?"

"खाली येऊन म्हणालीस, का इथनं?"

तिला प्रश्न कळला. मला तो विचारायला नको होता, कारण मलाही तो विचारल्यावरच कळला.

"इथनं," ती म्हणाली. "वरनंच."

म्हणजे मी श्वास घेतोय की नाही हे बघायच्या आधी.

*

मी उठलो. सायकल घेतली.

"खाली जाऊन उभी राहा," मी म्हटलं.

"वेडा आहेस का? खांदा बघ."

"खांदा जुळलाय. उभी राहा."

"काय सिद्ध करायचंय तुला?"

"काही नाही. तू माझा खुंट आहेस. उभी राहा."

मग तिनं ओढणी काढून कमरेला बांधली आणि वळशाच्या वाटेनं खाली गेली. मी हेल्मेट खाली ठेवलं होतं. ते तिनं आधी खालून वर फेकलं. "घाल," एवढंच म्हणाली. मी घातलं. तिचं डोकं आणि खांदे कातळापलीकडे दिसायला लागले. ती अर्धं पाऊल उजवीकडे सरकली, पुन्हा डावीकडे, मध्य सापडेपर्यंत. तिची ती सवय मला माहीत होती. हात शरीराला चिकटवून उभी राहिली.

"आलो."

"ये."

मी ब्रेक सोडले. गुडघे सैल, कोपरं बाहेर. विटेसारख्या मातीवरून चाकं खडखडत गेली. राखाडी कुडत्यावर गळ्यापाशी तीन बटणं. मधल्या बटणाकडे बघितलं. पुढचं चाक कातळावर आलं, बटण मोठं झालं, आणि

मी ब्रेक मारला.

दोन्ही. सायकल कातळावर करकचून थांबली, पुढचं चाक कडेच्या अलीकडे हातभर. मी पाय टेकला. बोटं ब्रेकवर होती. मी त्यांच्याकडे बघितलं, तेव्हा सुटली.

आक्का जागची हललेली नव्हती.

"परत ये," ती म्हणाली. "मी आहे."

मी सायकल उलट ढकलत वर नेली. परत आलो. परत तेच झालं.

"परत ये."

मी येत राहिलो. ती उभी राहत राहिली. एकदाही ती हलली नाही, डोळ्यांची पापणीसुद्धा नाही. मला तिच्या पापण्या दिसत होत्या. मी स्वतःला सांगत होतो, बघ, ती उभी आहे, ती उभीच राहणार आहे. मला ते पटतही होतं. चाक कातळावर यायचं आणि बोटं आपली आपण मिटायची. ऊन वर आलं, कातळ चमकायला लागला, तिचं कुडतं दिसेनासं झालं, तरी ती "परत ये" म्हणतच होती. आवाज बसला होता तिचा.

शेवटी मीच सायकलवरून उतरलो.

ती वर आली तेव्हा मी सायकल हातात धरून सड्याच्या दिशेनं चालायला लागलो होतो. तिनं मागून सायकलच्या सीटला हात लावला, ढकलायला मदत म्हणून. मी थांबलो. तिनं हात काढून घेतला. मग आम्ही चालत गाडीपर्यंत गेलो.

*

दाजींना मी काही बोललो नाही. त्यांच्या कामाचा पुढे चांगला जम बसला. त्यांच्यामागे माणसं अजून कडे उतरतात, आणि ते पुन्हा कधी हलल्याचं माझ्या कानावर आलेलं नाही. आक्काकडे मी जातो. भाऊबीजेला ओवाळताना ती माझ्या कपाळाकडे बघते, मी ताटाकडे.

पुढच्या वर्षी पावसाळा संपल्यावर इनामदार सरांचा फोन आला.

"काय रे, खांदा कसा आहे? या वर्षी तुझं नाव पक्कं धरतोय मी. एकदा सावळनाळ उतरून दाखव, झालं."

दुकानात गिऱ्हाईक उभं होतं. मी त्याला हातानं थांबायला सांगितलं.

"नको सर," मी म्हटलं. "मी उंबऱ्यावर ब्रेक मारतो."

"अरे, ते गेल्या वर्षीचं. एकदा होतं कुणाचंही. तुझं तुला तरी आठवतंय का? जयदीपनं सांगितलं म्हणून तू म्हणतोस."

"नाही सर," मी म्हटलं. "आता मी बघितलंय."